अक्षरी एकवीस किलो

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी 1978 साली दहावी झालो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे वर्गाआधी पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावरच उभं राहिलं.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटायची. वेचणी सुरू व्हायच्या दिवशी सीतादही. आजी नहाणं करून वावरात जायची, फुटलेल्या पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायची. तो दहीभात पळसाच्या पानावर खाल्लेला आठवतो. दुसऱ्या दिवसापासून बायका पहाटेच वावरात. "पाला नरम हाय तवरोक येचून घ्या वं, मंग कचरा लागते," असं आजी सगळ्यांना बजावायची. उन्हं चढली की वाळका पाला चुरा होऊन कापसाला चिकटतो, म्हणून ही घाई. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघायच्या. सोमवारी पेन्सिल धरली की बोटं ठणकायची.

संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला काटा टांगला जायचा. दूरवर शकुंतलेची, आमच्याकडच्या छोट्या रेल्वेची, शिट्टी ऐकू यायची. मजुरी किलोवर, आणि घरात शिकणारा मी, म्हणून वही माझ्याकडे. आठवीत असताना एका मावशीचं वजन मी 21 च्या जागी 12 लिहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. पण हिशेब ऐकल्याबरोबर तिनं पदराची गाठ सोडली. कमरेला बांधलेली कापसाची ओटी दर वेळी रिकामी केली की ती एक खडा बांधून ठेवायची. "पाह्य रे बाबू, सात खडे हायेत. सात ओट्यांचे बारा किलो कसे होतीन?" बाबांनी गाठोडं पुन्हा काट्याला लावलं. एकवीस भरलं. बाबा मला काही बोलले नाहीत. मावशीला मात्र हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून दिसतात.

दुसऱ्या दिवशी मी गणिताच्या सरांना सगळं सांगून टाकलं. सरांनी फळ्यावर पहिलंच उदाहरण घातलं : सात ओट्या, ओटीमागे तीन किलो. मग म्हणाले, "आकडा लिहिला की शेजारी अक्षरी लिहायचं. आकडे उलटे पडतात, अक्षर पडत नाही." तेव्हा सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती; बैलबंडी घेऊन केंद्रावर रात्र रात्र रांगेत थांबलो, तरी चुकाऱ्याच्या, म्हणजे कापसाच्या पैशांच्या, पावतीवर मी आधी अक्षरी रक्कम वाचायचो.

त्या हंगामात रोज संध्याकाळी मावशी म्हणायची, "बाबू, वाचून दाखव." मी मोठ्यानं वाचायचो, "अक्षरी अठरा किलो." ती बोटांवर जुळवून बघायची, आणि मगच पदरातले खडे धुऱ्यावर टाकायची.