हातांचा पल्ला आणि खेळ

दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरले की मधल्या बोटांच्या टोकांमधले अंतर, म्हणजेच हातांचा पल्ला, साधारणपणे उंचीइतके भरते. जलतरणपटू मायकेल फेल्प्सची उंची 193 सेंटिमीटर, तर हातांचा पल्ला 201. हे जास्तीचे आठ सेंटिमीटर इतक्यांदा सांगितले गेले आहेत की, हात लांब असले म्हणजे मूल कोणत्याही खेळात चमकणार, अशी पालकांची आणि काही प्रशिक्षकांचीही समजूत झाली आहे. ती मला मनापासून खटकते.

पॉवरलिफ्टिंग या वजन उचलण्याच्या खेळात हा प्रश्न लख्ख उलगडतो. बेंच प्रेसमध्ये बाकावर उताणे झोपून छातीवर टेकवलेला बार (वजने लावलेला दांडा) हात सरळ होईपर्यंत वर न्यायचा असतो, त्यामुळे हात लांब असतील तर तेवढेच वजन अधिक अंतर ढकलावे लागते. तोच खेळाडू डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभे राहण्याच्या प्रकाराला, उभा राहिला की लांब हात त्याच्या कामी येतात: बार पकडायला कमी वाकावे लागते, पाठ अधिक उभी राहते आणि सरळ उभे राहिल्यावर बार मांडीवर बराच खाली राहत असल्याने उचलण्याचे अंतरही घटते. अमेरिकेच्या लमार गँटने 1985 मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट वजन डेडलिफ्टमध्ये असेच उचलले. त्याचे हात लांब होते आणि कण्याच्या बाकामुळे धडही आखूड होते. बॉक्सिंगमध्ये लांब पल्ला उपयोगी असतो, हे खरेच. तरीही जेमतेम 68 इंच पल्ल्याचा रॉकी मार्सियानो प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी भिडत राहिला आणि 49 पैकी 49 लढती जिंकून 1956 मध्ये निवृत्त झाला.

मुलांची मापे घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पल्ला उंचीपेक्षा खूपच जास्त, म्हणजे 1.05 पटींहून अधिक असेल, तर ते मार्फान सिंड्रोम या जनुकीय विकाराच्या अनेक लक्षणांपैकी एक असू शकते. एवढ्यावरून निदान होत नाही. पण बोटेही फार लांब व सडपातळ असतील, छातीची ठेवण वेगळी असेल, तर हृदयाची इकोकार्डिओग्राफी (सोनोग्राफीसारखी तपासणी) करून घ्यावी, कारण या विकारात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुटण्याचा धोका असतो. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातील व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन जानेवारी 1986 मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळली आणि गेली. तिला मार्फान होता, हे शवविच्छेदनात कळले.