कानबाईच्या रविवारी पिंपरी-चिंचवडमध्ये

पेठेत वाढलेल्या माणसाचं पुणे दापोडीच्या हॅरिस पुलाशी संपतं. पुलापलीकडे कामापुरतं जायचं आणि काम झालं की परतायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती आणि पिंपरी-चिंचवडची १७,२७,६९२. त्याच्या दहा वर्षं आधी पुलापलीकडे साधारण दहा लाख माणसं राहत होती. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे आजचा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा.

एवढी माणसं आली कुठून आणि शेजारी शेजारी नांदतात कशी, ते बघायला मी नागपंचमीनंतरचा पहिला रविवार धरला. त्या दिवशी खानदेशी घरांत कानबाई ही देवी बसते, आणि चिंचवडच्या मित्राने जेवायलाच काय, मुक्कामालाच बोलावलं होतं.

शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली. श्रावणातली रविवार सकाळ, म्हणजे डब्यात मळवलीला उतरून लोहगडाला जाणाऱ्यांचीच गर्दी. पिंपरीला उतरणारे थोडे होते, मी त्यांच्या मागोमाग कॅम्पात शिरलो.

पिंपरी कॅम्प ही फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत. शगुन चौकातून साई चौकाकडे चालत जा, कापडाची, भांड्यांची, सोन्याची दुकानं एकाला एक चिकटून. लग्नाचा बस्ता बांधायला मावळातली माणसं आजही इथेच येतात. एका गाडीवर दाल-पकवान खाल्लं. कुरकुरीत पकवान, वर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. गाडीवाले काका हिशेब सिंधीत करत होते आणि पोराला ओरडत होते अस्सल पिंपरीच्या मराठीत. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘आजोबा शिकारपूरचे. मी इथलाच की! तुम्ही कुठले?’ मी ‘पुण्याचा’ म्हटल्यावर ‘अरे वा, लांबून आलात’ म्हणाले. टोमणा होता का, अजून ठरवता आलेलं नाही.

रेल्वेच्या दुसऱ्या अंगाला, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी औषध कारखाना पेनिसिलिनसाठी देशभर नावाजला. बजाज, टेल्को, भोसरीची एमआयडीसी हे सगळं त्याच्यानंतरचं. प्रत्येक कारखान्याने आपापली माणसं आणली. कुठल्या काळात कुठल्या जिल्ह्यात पाऊस रुसला, तेही इथल्या चाळींत कळतं, कारण मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेले लोक निव्वळ नोकरीच्या जाहिराती वाचून आलेले नव्हते. मूळच्या गावकऱ्यांच्या जमिनी कारखान्यांत आणि प्लॉटांत गेल्या, पण गावकी काही गेली नाही. भोसरीत आजही भैरवनाथाचा उत्सव गावकरी ठरवतात, कुस्त्यांचा फड तेच लावतात. भाडेकरूने वर्गणी द्यायची आणि बघायचं. सत्ताही बरीचशी त्याच आडनावांकडे फिरत राहते. इथल्या समाजजीवनातली खरी रेघ मला भाषांपेक्षा ही दिसली, गाववाले आणि बाहेरचे.

पुन्हा लोकल धरून देहूरोडला गेलो. लष्करी डेपोंमुळे वाढलेलं हे गाव, तामिळ आणि तेलुगू बोलणारी कुटुंबं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा १९५६ ची, म्हणजे त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. डिसेंबरात इथे पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो तेव्हा मात्र एक शिक्षिका दहाबारा मुलांना बसवून वंदना पाठ करून घेत होत्या आणि मुलांचं लक्ष बाहेरच्या पावसाकडे.

दुपारी या मार्गावर लोकल फार विरळ असतात, म्हणून बसने निगडीला आलो. तिथली आखून वसवलेली वस्ती म्हणजे प्राधिकरण, १९७२ मधलं. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, बंगल्यांपुढे सोनचाफा. कंपनीतून निवृत्त झालेले काका-काकू, सेक्टर २४ मधलं केरळी मंडळींचं कृष्ण मंदिर, सकाळी दुर्गा टेकडी. छान आहे, पण मला तिथे फार वेळ थांबवेना. आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मात्र टेकलो. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा इनामदार वाड्यानंतरचा मुक्काम इथे असतो. पुजाऱ्यांनी सांगितलं, त्या रात्री वारकऱ्यांना जेवू घालायला कुठल्या कुठल्या सोसायट्यांतून पोळ्या येतात. ‘कोण कुठला, कोण विचारतो त्या दिवशी?’

संध्याकाळी चिंचवड. मोरया गोसावींच्या समाधीचं दर्शन घेऊन, चापेकर बंधूंच्या पुतळ्यावरून वळून मित्राच्या सोसायटीत पोहोचलो, तर जिन्यातच पुरणाचा वास. वरून कुणीतरी कुणाला अहिराणीत विचारत होतं, ‘कथा चालना रे भाऊ?’ म्हणजे, कुठे चाललास रे?

मित्र अमळनेरकडचा, भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्याची भाऊबंदकी कोंबलेली. कोणी रहाटणीहून, कोणी थेरगावहून, एक काका तर रात्रपाळी चुकवून चाकणहून. चौरंगावर नारळाची कानबाई, तिला डोळे, नथ, साडी, मागे केळीचे खुंट. सुरतहून मागवलेली फुलं ट्रॅव्हल्सच्या गाडीने आली होती. वहिनींना मी ‘एवढं सगळं एकट्याने?’ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘एकट्याने कुठलं? शेजारच्या लातूरच्या काकूंनी पुरण वाटलं आणि खालच्या मल्याळी ताईंनी केळीचे खुंट दिले. रोटाला मात्र आम्हीच हात लावायचा.’

रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद. तो कुळातल्यांनीच खायचा, म्हणून मला वेगळी पुरणपोळी वाढली. सोबत गंगाफळाची भाजी, खीर आणि कटाची आमटी. मी रागावलो नाही, उलट बरं वाटलं. सगळंच सगळ्यांसाठी खुलं करायचं म्हटलं तर कुणाचं काहीच उरत नाही.

नऊच्या सुमाराला बायकांच्या फुगड्या रंगल्या. सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवून आत आले. आवाजाची तक्रार असणार असं आम्हाला वाटलं. त्यांना सकाळी पवनेच्या घाटावर विसर्जनाला किती माणसं निघणार ते हवं होतं, कारण गेटातून टेम्पो काढायला पार्किंग मोकळं करावं लागणार होतं.

‘किती म्हणजे? रोटाचे गहू मोजले तेवढे,’ काका म्हणाले. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात, मुलगा झाला की माप वाढतं. त्यावर मित्राची सातवीतली लेक म्हणाली, ‘आणि आम्ही? आम्ही काय टेम्पोत बसणार नाही?’ कोणी हसलं, कोणी गप्प राहिलं. मग वहिनींनी शांतपणे सांगितलं की या वर्षी गहू त्यांनी स्वतः मोजलेत आणि दोन्ही मुलींचं माप त्यात धरलंय.

काकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘बरं,’ ते म्हणाले, ‘पण हे अमळनेरला जिजीला कळता कामा नये.’