१९७१ टॉप्स, काळ्या कडा: ६६८ झाली, ८४ राहिली

टॉप्स कंपनीच्या १९७१च्या बेसबॉल-कार्डांच्या सेटमधल्या पहिल्या पाच मालिका दिवाळीपर्यंत पुऱ्या करीन, असं मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. झालं नाही. ७५२पैकी ६६८ कार्डं जमली आहेत. त्या पाच मालिकांमधली, म्हणजे पहिल्या ६४३मधली, १३ अजून नाहीत आणि ६४४ ते ७५२ या शेवटच्या मालिकेतली १०९पैकी फक्त ३८ हाताशी आहेत. ती मालिका दुकानात आली तेव्हा हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. त्यामुळे तिथे ज्याचं नाव कुणाला आठवत नाही अशा खेळाडूसाठीही पहिल्या मालिकेतल्या साध्या कार्डाच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

तेरामधलं सगळ्यात सलणारं म्हणजे ५ नंबर, कॅचर थर्मन मन्सन. आडवं कार्ड, होमप्लेटवर (बॅटर उभा राहतो तिथे) उडालेला धुरळा, कोपऱ्यात रुकीचा, म्हणजे नवोदित खेळाडूचा, चषक. ते मिळालं होतं, खरं तर! एडिसनजवळच्या एका कार्ड शोमध्ये. चारी कडा काळ्याभोर, कोपरे तीक्ष्ण, भावही परवडणारा. घरी येऊन भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला.

ज्यांनी हा सेट हाताळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७१ची सगळी चौकट काळी आहे. नुसतं पाकिटातून काढलं-घातलं तरी कडेचा शाईचा टवका उडतो आणि खालचा पांढरा कागद डोळे वटारतो. म्हणून निम्म्या गावानं कधी ना कधी या कडांवरून काळा मार्कर फिरवलेला आहे. ओळखायचं कसं? कार्ड समोरून बघू नका, बाजूनं बघा. कार्डं मोठ्या तावावर छापून मग कापली जायची, त्यामुळे कापलेल्या बाजूला कोरा कागदच दिसायला हवा. तिथे काळं दिसलं की समजायचं, शाई नंतर लागली. माझ्या मन्सनची उजवी बाजू काजळ घातल्यासारखी होती. अंधारात ब्लॅकलाइट (अतिनील दिवा) मारला तर मार्करचा पट्टा जांभळट, बाकी चौकट काळी.

दुसरी युक्ती म्हणजे झिजलेली कड केसभर कापून टाकायची. म्हणून आता खरेदीला जाताना खिशात त्याच सेटमधलं एक फालतू कार्ड नेतो आणि दोन्ही पाठीला पाठ लावून बघतो. माप अडीच बाय साडेतीन इंच. कापाकापी फक्त स्वस्त मालातच होते असंही नाही. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीनं भागीदारीत ४,५१,००० डॉलरला घेतलेलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं टी-२०६ (जुन्या सिगारेट-पाकिटांतलं) कार्ड म्हणजे पीएसएनं, कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीनं, ग्रेड केलेलं पहिलं कार्ड. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली कार्डांचा लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोनं २०१३मध्ये दिली.

विक्रेत्यानं पैसे कुरकुर न करता परत दिले. आणि माझ्या देखत तेच कार्ड पुन्हा काचेखाली मांडलं.

आता माझा नियम: टवके उडालेलं पण प्रामाणिक कार्ड चालेल, रंगवलेलं फुकटही नको. पीएसएच्या दहापैकी ३ किंवा ४ दर्जाचा मन्सन शोधतोय.

साठवणीत मोठा बदल केला. नऊ खणांची पानं बंद. दर वेळी कार्ड सरकवताना कड घासते, शिवाय गोल कड्यांच्या फाइलमध्ये आतल्या रांगेवर वळ उठतात. जुन्या पीव्हीसी पानांतली ४० कार्डं बाहेर काढली. नव्या शॉवर-पडद्यासारखा वास आणि बोटाला चिकट लागणारा थर. आता प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पेनी स्लीव्हमध्ये (पातळ, मऊ पाकिटात), मग उभं खोक्यात. मेझ, क्लेमेन्टे, ॲरन, रायन या बड्या खेळाडूंची कार्डं टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात). टॉपलोडरमध्ये कार्ड थेट घालू नका, आधी स्लीव्हच हवं.

बेसमेंटची दमट हवा हा खरा शत्रू. न्यू जर्सीचा जुलै चिपळूणच्या जुलैपेक्षा फार वेगळा नसतो. डिह्युमिडिफायर लावून काटा ४५ ते ५० टक्क्यांवर आणलाय. मधे आई आली होती. तिनं माझ्या माघारी खोक्यात मायेनं चार डांबराच्या गोळ्या टाकल्या, ट्रंकेतल्या साड्यांत टाकते तशा. त्या वाफेनं काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. रात्री अकरा वाजता सगळी खोकी उघडून गॅलरीत मांडली. “पत्त्यांना कसर लागू नये म्हणून टाकल्या रे,” ती म्हणाली. पत्ते नाहीत हे सांगायचं मी सोडून दिलंय.

काही कार्डं अजून स्लीव्हमध्ये घालायची राहिली आहेत, आणि सगळ्यांचे पुढचे-मागचे फोटो विम्यासाठी काढायचे आहेत, ३१० झाले. घराच्या पॉलिसीत संग्रहासाठी मर्यादा फारच तुटपुंजी निघाली, वेगळा विमा घेतोय.

कुणाकडे ७०९ नंबर जादा आहे का, बेकर आणि बेलर असलेलं? कडा खराब असल्या तरी चालतील. बाजूचा फोटो मात्र आधी पाठवा.