खाली छापलेलं नाव

१९ डिसेंबर २०२३ ला, नाताळच्या सुट्टीवर निघायच्या घाईत असलेल्या अमेरिकी सिनेटनं ५२ विरुद्ध १४ मतांनी सारा हिल यांची नेमणूक मंजूर केली. शंभरातले चौतीस जण मतदानाला नव्हतेच. ओक्लाहोमाच्या उत्तर विभागाच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायालयात, म्हणजे आमच्या टल्सात, त्या न्यायाधीश म्हणून येणार होत्या. बातमी आली तेव्हा माझ्यापुढे त्यांचं नाव असलेल्या कागदांची चळत होती आणि एक फाइल कुठल्या गठ्ठ्यात घालायची ते ठरत नव्हतं. ते अजून ठरलेलं नाही.

मी एका छोट्या वकिली कचेरीत पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींसाठी कोर्ट ज्यांना नेमतं, त्या यादीत आमच्या वकीलबाई आहेत. हिल यांचं नाव जाहीर झालं तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "चालू फाइली काढ. त्यांच्याकडे गेली तर पेच पडेल अशी एखादी आहे का बघ." नवा न्यायाधीश आला की क्लर्कचं ऑफिस बाकीच्यांकडच्या काही केसेस तिकडे वळवतं. केस नंबरच्या शेवटी न्यायाधीशांची आद्याक्षरं असतात, तेवढी बदलतात. हिल यांची 'एसईएच' होणार होती.

पेच का पडावा? ९ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टानं मॅकगर्ट खटल्यात ५-४ असा निकाल दिला की मस्कोगी नेशन या टोळीचं रिझर्व्हेशन, म्हणजे तिचा राखीव मुलूख, काँग्रेसनं (इथल्या संसदेनं) कधी मोडलेलंच नाही. ११ मार्च २०२१ ला ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील कोर्टानं हॉग्नर खटल्यात चेरोकी नेशनबद्दल तेच म्हटलं. चौदा काउंट्यांत पसरलेला सुमारे ७,००० चौरस मैलांचा मुलूख. तिथं आरोपी इंडियन, म्हणजे मूळच्या टोळ्यांतला, असेल तर राज्याचा सरकारी वकील बाजूला. खून, बलात्कार, घातक हल्ला असे गुन्हे १८८५ च्या मेजर क्राइम्स ॲक्टखाली फेडरल कोर्टात, बाकीचे चेरोकी नेशनच्या राजधानीत, टॅलेक्वाला, नेशनच्या कोर्टात. हिल त्या नेशनच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, होत्या, ऑगस्ट २०१९ ते ऑगस्ट २०२३. म्हणजे हा सगळा लोंढा त्यांच्याच कारकिर्दीत आला.

(कायद्यात शब्द अजून 'इंडियन' हाच आहे. आपल्याकडून आलेल्या माणसाला पहिले सहा महिने प्रत्येक कागदावर दचकायला होतं.)

आपल्याकडे पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे टाळाटाळीचं वाक्य असतं. इथं तोच निम्मा खटला आहे. पहिला प्रश्न जागेचा. पोस्टाचा पत्ता कामाचा नाही. पत्त्यात 'टल्सा' असतं आणि घर ओसेज काउंटीत निघतं, ज्याचं रिझर्व्हेशन मोडलेलं आहे असं दहाव्या सर्किटनं, म्हणजे आमच्या वरच्या फेडरल अपील कोर्टानं, २०१० मध्येच ठरवलंय. ओसेज, चेरोकी आणि मस्कोगी या तिघांच्या जुन्या सीमा टल्साच्या मध्यवस्तीजवळ एकत्र येतात. म्हणून पोलीस रिपोर्टमधली जागा अक्षांश-रेखांशावर आणायची, नकाशावर टाकायची. गाडीचा पाठलाग असेल तर कुठला गुन्हा कुठल्या मैलावर पुरा झाला, ते वेगळं लिहायचं.

दुसरा प्रश्न माणसाचा. त्याची कसोटी १८४६ च्या रॉजर्स खटल्यातली: अंगात थोडं तरी इंडियन रक्त हवं, आणि टोळीनं किंवा फेडरल सरकारनं त्याला इंडियन मानलेलं हवं. तो रॉजर्स चेरोकींनी आपल्यात घेतलेला गोरा माणूस होता, आणि नेमका तोच कसोटीत बसला नाही. कागद दोन लागतात. नेशनच्या नोंदणी खात्याचं नागरिकत्वाचं पत्र आणि रक्ताच्या प्रमाणाचा दाखला. चेरोकी नागरिकत्वाला प्रमाणाची किमान अट नाही, पूर्वज डॉझ यादीत, म्हणजे टोळीच्या लोकांच्या जुन्या सरकारी नोंदवहीत, सापडला की झालं. दाखल्यावर १/२५६ असला अपूर्णांक असला तरी तो रक्तच. गाडी अडते ती तारखेवर. गुन्हा घडला त्या दिवशीची स्थिती धरतात. अटक झाल्यावर धावत जाऊन नोंदणी केलेले लोक मी पाहिलेत. नाहीतर लग्नानंतरचं आडनाव जुळत नाही, मधलं नाव गाळलेलं असतं, आणि पत्र परत मागवावं लागतं. सगळं जुळलं तर दोन्ही बाजू लेखी मान्यता देतात, म्हणजे नोंदणी खात्यातल्या माणसाला साक्षीला यावं लागत नाही. यात आमचे फार थोडे कागद परत येतात, हे मी जरा मिरवूनच सांगते.

चेरोकींकडच्या मुक्त गुलामांचे वंशज नागरिक आहेत. नेशनच्या घटनेतले 'रक्तानं' हे शब्द २२ फेब्रुवारी २०२१ ला नेशनच्या सुप्रीम कोर्टानं काढून टाकायला लावले. त्यासाठी अर्ज हिल यांच्या खात्यानं केला होता. पण फौजदारी कोर्टात रॉजर्स खटल्यातली रक्ताची अट तशीच उभी आहे.

अशा तपासणीतून त्या दिवशी तीन गठ्ठे झाले. ज्यांचा चेरोकी नेशनशी संबंध नाही ते. ज्यांत नेशन कुठंतरी आहे, पण हिल यांचा हात नाही ते. आणि उरलेले.

'त्या स्वतः चेरोकी, म्हणून त्यांनी चेरोकींचे खटले ऐकू नयेत' असं म्हणणारे वकील आमच्या इमारतीतच भेटले. हा मुद्दा १९७४ मध्ये फिलाडेल्फियात निकालात निघालाय. कृष्णवर्णीय न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी वर्णभेदाच्या दाव्यातून बाजूला व्हायला नकार दिला होता. ओक्लाहोमाचा गोरा न्यायाधीश ओक्लाहोमा राज्याचा खटला चालवतो तेव्हा हे वकील कधी हात वर करत नाहीत. शिवाय ओक्लाहोमाच्या दोन्ही रिपब्लिकन सिनेटरांनी हिल यांना संमतीची निळी चिठ्ठी दिली होती, आणि त्यातले मार्कवेन मलिन चेरोकी नागरिक. मॅकगर्टविरुद्ध सगळ्यात मोठा आवाज करणारे गव्हर्नर स्टिट हेसुद्धा. चेरोकी म्हटलं की एकच मत, हा समज कशावर टिकतो कोण जाणे.

खरा नियम आहे फेडरल न्यायाधीशांनी कधी बाजूला व्हायचं ते सांगणारं कलम ४५५(ब)(३). न्यायाधीशानं सरकारी नोकरीत असताना त्याच प्रकरणात वकील म्हणून भाग घेतला असेल, किंवा त्या विशिष्ट प्रकरणावर मत दिलं असेल, तर बाजूला व्हायचं. ते बघण्यासाठी मी त्यांची कारकीर्द तारखांनी मांडली. टॅलेक्वाच्या नॉर्थईस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटीत पदवी, जिथं चेरोकींनी मुलींसाठी बांधलेल्या शाळेची १८८९ ची इमारत अजून वापरात आहे. २००३ ला टल्सातून कायद्याची पदवी, २००४ पासून नेशनच्या कायदा खात्यात. काही काळ त्यांनी फेडरल सरकारी वकिलांबरोबरही काम केलं. मग २०१५ ते २०१९ नैसर्गिक संसाधनांच्या सचिव.

त्या चार वर्षांतलं एक काम फौजदारीवाल्यांना माहीतच नसतं. गोर गावाजवळ युरेनियमवर प्रक्रिया करणारा एक कारखाना होता, १९९३ ला बंद पडलेला. मागं राहिला किरणोत्सर्गी गाळ, सुमारे १०,००० टन, अर्कान्सा आणि इलिनॉय नद्यांच्या संगमाशेजारी. तो तिथंच पुरायचा बेत होता. नेशन आणि राज्य दोघांनी मिळून २०१७ मध्ये कोर्टातून मनाई आणली, आणि २०१८ अखेर तो सगळा गाळ ट्रकांनी यूटाला गेला. हद्दीवरून भांडणारे हेच दोघे तेव्हा एका बाजूला होते.

तर ती फाइल. आमचा अशील चेरोकी नागरिक. हत्यारानं हल्ला, ऑगस्ट २०२२, रॉजर्स काउंटीत. आधी टॅलेक्वाला दोषारोप दाखल झाला. नेशनच्या कोर्टाला एका गुन्ह्याला फार तर तीन वर्षं देता येतात, तीही २०१० च्या कायद्यातल्या अटी पाळून. नंतर फेडरल वकिलांनी तीच घटना उचलली. तिथं त्याच हल्ल्याला दहा वर्षं. एकाच कृत्यासाठी दोनदा खटला कसा, असं अशिलाच्या आईनं विचारलं. दोन वेगळी सार्वभौम सरकारं, म्हणून चालतं. सुप्रीम कोर्टाच्या जून २०२२ च्या डेनेझपी निकालानं ते पुन्हा पक्कं केलंय.

टॅलेक्वाच्या त्या कागदावर सही एका साहाय्यक वकिलाची. सहीजवळ टंकलेलं: सारा हिल, ॲटर्नी जनरल. खात्याच्या प्रत्येक कागदावर असतं तसं.

हा भाग घेणं झालं का? नवव्या सर्किटनं १९९४ मध्ये, खात्याचा प्रमुख तो प्रमुखच, आपल्या काळातल्या तपासाची जबाबदारी त्याला झटकता येत नाही, अशी भूमिका घेतली. पण आम्ही दहाव्या सर्किटखाली, आणि त्यांनी १९८८ मध्ये प्रत्यक्ष संबंध दाखवा असं म्हटलंय. दोन्ही निकाल फेडरल सरकारी वकील असलेल्या न्यायाधीशांबद्दलचे, टोळीच्या नाही. शिवाय 'प्रकरण' तेच आहे का? अशिलाला दोनदा उभं करताना दोन सरकारं, दोन वेगळी प्रकरणं असं म्हणायचं. मग न्यायाधीशांना हटवताना एकच प्रकरण कसं म्हणणार? आम्ही तसा अर्ज केला असता तर डेनेझपीचं पान उघडून समोरचे हसले असते.

वकीलबाईंना मुळात अर्ज करायचाच नव्हता. "टॅलेक्वाच्या कोर्टात काय होतं आणि काय होत नाही, हे जाणणारा न्यायाधीश मी कशाला घालवू?" त्यांचं बरोबर असेल. पण कायद्यानं बाजूला व्हायचं असेल तर ते कोणाच्या सोयीनं ठरत नाही, ही माफी पक्षकारांनाही देता येत नाही. कलमातच तसं लिहिलंय.

जानेवारीत केसेस वळवल्याच्या नोटिसा आल्या. आमची ती फाइल होती तिथंच राहिली, आद्याक्षरं बदलली नाहीत, आणि अशिलानं वसंतात गुन्हा कबूल केला. माझ्या तक्त्यात त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे. परवा नवी फाइल आली. २०२१ ची घटना, टॅलेक्वाचा कागद, खाली तेच नाव.