तुम्ही विचारलंत म्हणून: मनगटातली नस जुळते, मग मणक्यातली का नाही?

काचेने मनगट कापलं, नस तुटली, टाके घालून जोडली आणि वर्षभरात बोटांना कळायला लागलं. मग मणक्याला मार बसलेल्या माणसाच्या पायांत जीव का येत नाही? तिथेही नसच ना? हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात.

आधी मनगटाचं. टाके कितीही सुबक असले तरी तुटलेल्या जागेपासून बोटाकडचा तंतू मरतोच. पहिले तीनेक दिवस त्या टोकाला विजेचा हलका झटका दिला तर स्नायू हलतो (ऑपरेशनमध्ये टोक शोधायला हे कामी येतं), पुढे तेही बंद होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हा ऱ्हास दाखवला होता.

मागे राहतात श्वान पेशी, म्हणजे तंतूंना लपेटून बसणाऱ्या पेशी (नाव शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून). त्या आणि भक्षक पेशी मिळून मेलेलं मायलिन (तंतूवरचं चरबीयुक्त आवरण) काही आठवड्यांत उपसून काढतात. मग श्वान पेशी तंतूच्या रिकाम्या झालेल्या नळीत रांग धरतात, वाढीची रसायनं सोडतात आणि वरून फुटलेला कोंब त्या नळीतून दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मनगट ते बोटाचं टोक १८ सेंटिमीटर धरलं तर सहा महिने, शिवाय सुरुवातीचा महिनाभर. नसेवर टकटक केल्यावर मुंग्या येणारी जागा महिन्याला दोन-तीन सेंटिमीटर पुढे जायला हवी. ती अडली तर सर्जनला दाखवा, वाट बघत बसू नका. तोवर बधिर बोटं तव्यापासून, गरम कपापासून जपायची आणि सांधे रोज दुसऱ्या हाताने हलवायचे.

टोकं ताणून शिवली तर रक्तपुरवठा तुटतो. मधे फट राहिली तर कोंब तिथेच गुंतून दुखरी गाठ होते. कोंब चुकीच्या नळीत शिरला तर स्पर्श एका बोटाला आणि जाणवतो दुसऱ्याला. नस खांद्याजवळ तुटली असेल तर पंजापर्यंत ६०-७० सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं. स्नायू साधारण दीड वर्षच दम धरतात.

आता मणक्याचं. त्याच्या आतल्या मज्जारज्जूत श्वान पेशी नाहीत. मेलेलं मायलिन महिनोन्महिने पडून राहतं आणि त्यातलीच नोगोसारखी प्रथिनं वाढ रोखतात. वर अ‍ॅस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींचा वण. त्याला सरसकट खलनायक ठरवू नये, तो दाह पसरू देत नाही. १९८१ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा जोडला. मज्जारज्जूतलेच तंतू त्यात सुमारे ३ सेंटिमीटर वाढले आणि पलीकडे मज्जारज्जूत शिरताच थबकले.

पण सगळा दोष जागेचाही नाही. मणक्याशेजारी चेतापेशींची एक नैसर्गिक गाठ असते; तिच्यातल्या संवेदी (स्पर्श कळवणाऱ्या) पेशीला दोन फांद्या असतात, एक त्वचेकडे आणि एक मज्जारज्जूत. उंदरात आतली फांदी तोडली तर ती वाढत नाही. बाहेरची आठवडाभर आधी तोडून ठेवली तर पेशीतली वाढीची जनुकं जागी होतात आणि मग आतलीही थोडी वाढते.

मणक्याच्या इजेनंतर पहिल्या काही महिन्यांत जी सुधारणा दिसते, ती बहुतेक सूज उतरल्याने आणि वाचलेल्या तंतूंनी काम उचलल्याने. गुदद्वाराभोवती थोडी जरी संवेदना शिल्लक असली तरी इजा अपूर्ण धरतात, आणि अशांत सुधारणेची आशा जास्त असते. म्हणून ती तपासणी लाजेपायी टाळू नका.