पेन्सिल आणि शाई: सिनेमाच्या वहीत झालेली प्रगती

मंडळी, सिनेमाच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी ही माझ्या वहीची ताजी खबर. गुण देण्याची पद्धत मी बदलली आहे आणि आता तिच्याबद्दल लिहावं इतका माल हाताशी जमला आहे.

पद्धत सोपी आहे. सिनेमा बघून आल्याच्या रात्री पाचपैकी गुण पेन्सिलीने लिहायचे आणि शेजारी एकच ओळ, हे गुण कशासाठी दिले त्याची. मग सिनेमा मुरू द्यायचा. जमलं तर दुसऱ्यांदा बघायचा, नाही जमलं तर निदान त्यातलं काय डोक्यात राहिलंय ते तपासायचं. त्यानंतर शाईने कायमचे गुण. पेन्सिलीचा आकडा खोडायचा नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, कारण सगळी गंमत त्या दोघांमधल्या फरकात आहे. कुठला सिनेमा उतरला, कुठला चढला, कुठला जिथल्या तिथे राहिला, हे एकत्र बघितलं की सिनेमाबद्दल आणि आपल्याबद्दलही बरंच कळतं.

सुरुवात 'छावा'पासून करते, कारण सगळ्यात जास्त वाद त्याच पानावरून झालाय. पेन्सिल साडेतीन, शाई अडीच.

१४ फेब्रुवारी २०२५ ला हा सिनेमा आला तेव्हा साताऱ्यात काय वातावरण होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. थिएटरमधल्या घोषणा, शेवटाला हुंदके देणारी माणसं, लहान मुलांना खांद्यावर घेऊन आलेले बाप. त्या गर्दीत माझेही डोळे भरून आले आणि त्याबद्दल मला काहीही वेगळं म्हणायचं नाही. पण गुण पडद्यावरच्या कामाला असतात, महाराजांना नसतात. हे मी घरी, दारी, सगळीकडे सांगत आलेय, इथेही सांगते. विकी कौशलची मेहनत खरी आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब कमीत कमी बोलून जास्तीत जास्त धाक बसवतो. साखळदंडात जखडलेले संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांना कवितेतून धीर देतात तो प्रसंग दुसऱ्यांदाही तितकाच भिडला, विनीत कुमार सिंहला त्याचं श्रेय. मग गुण कुठे गेले? लढाया एकाच सुरात आहेत. बुऱ्हाणपूरपासून जो आवाज लागतो तो खाली येतच नाही आणि ए. आर. रहमानचं पार्श्वसंगीत प्रत्येक भावनेच्या आधी येऊन उभं राहतं. मोठ्या पडद्यावर ते अंगावर येतं म्हणून चालून जातं. घरी बघताना मी आवाज कमी केला आणि प्रसंगांचा सांगाडा दिसायला लागला.

दुसरं कारण सातारकर म्हणून जास्त लागलं. येसूबाई. रायगडाला वेढा पडला तेव्हा राजारामांना गडाबाहेर काढण्याचा निर्णय घेणारी, मग १६८९ पासून १७१९ पर्यंत मोगलांच्या कैदेत दिवस काढून शाहू महाराजांच्या साताऱ्यात परत आलेली बाई. सिनेमाची कथा १६८९ लाच थांबते, त्यामुळे पुढचं सगळं दाखवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण हे पोलाद पुढे दिसणार असेल तर आधीच्या प्रसंगांत त्याची धार जाणवायला हवी. इथे रश्मिका मंदानाच्या वाट्याला बहुतेक वेळ निरोप देणं आणि वाट बघणं येतं. हा दोष नटीचा नाही, लिखाणाचा आहे.

आता उलट्या दिशेचा सिनेमा. 'सबर बोंडं', रोहन कानवडेचा. पेन्सिल साडेतीन, शाई साडेचार. वहीत एवढी झेप दुसऱ्या कुठल्याच सिनेमाने घेतलेली नाही.

सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक त्याने २०२५ मध्ये पटकावलं आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. मी स्वारगेटची एसटी धरून पुण्यात जाऊन बघितला. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात, आई त्याला सावरून घेते, आणि बाळ्या हा लहानपणचा मित्र पुन्हा भेटतो. एवढीच गोष्ट. कॅमेरा जागचा हलत नाही, पार्श्वसंगीत अजिबात नाही.

पहिल्या रात्रीची माझी ओळ अशी आहे: 'सुंदर, पण माझ्यापासून लांब राहिला.' त्यानंतर मात्र तो सोडेना. भाकरी थापताना, शेळ्यांचा आवाज आला की, कुणाच्या घरी सुतकाला भेटायला गेले की त्यातल्या चौकटी आठवत राहिल्या. दुसऱ्यांदा बघताना मी फक्त आवाजाकडे लक्ष दिलं. संगीत नसल्यामुळे घरातल्या कुजबुजीला वजन आलंय. आतल्या खोलीत बायका काय बोलतायत, ते बाहेर बसलेल्या आनंदला ऐकू येतंय का, हा ताण नुसत्या आवाजाच्या अंतरावरून तयार होतो. आणि कॅमेरा लांब उभा असतो तो माणसांना एकांत देण्यासाठी, हे तेव्हा दिसलं. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट ना कुठे आरडाओरडा करते, ना कुणाला खलनायक ठरवते. जयश्री जगताप यांनी उभी केलेली आई तर मराठी पडद्यावरच्या आयांमध्ये वेगळी नोंद करून ठेवावी अशी. शिकलेली-सवरलेली नाही, मोठमोठं बोलणारीही नाही, पण मुलगा काय आहे हे जाणते आणि त्याच्या बाजूने उभी राहते. सबर बोंडं म्हणजे निवडुंगाची बोंडं. आमच्या माण-खटावकडच्या लोकांना ती बोंडं, त्यांची कुसं आणि आतला लालभडक गर वेगळा सांगायला नको. सिनेमा त्या फळाचा अर्थ समजावत बसत नाही, ते फक्त हातात ठेवतो.

२०२५ चाच नीरज घेवानचा 'होमबाउंड' पेन्सिलीत चार आणि शाईतही चार. पोलीस भरतीच्या परीक्षेला निघालेल्या पोरांनी ओसंडून वाहणारा रेल्वे प्लॅटफॉर्म ज्याने बघितला, त्याला आपल्याकडची भरतीची पोरं आठवणारच. पहाटे अंधारात रस्त्याने पळणारी, अकादमीची फी भरायला घरची शेळी विकणारी. गोष्ट उत्तरेतली आहे, पण अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव असलेल्या आमच्या सातारा जिल्ह्यात वर्दीचं स्वप्न काय चीज आहे हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. दोन प्रसंगांसाठी मी हे चार गुण देते. अर्ज भरताना जातीच्या रकान्यापाशी अडखळणारा चंदन. आणि ऑफिसात पाण्याची बाटली भरून ठेवणाऱ्या शोएबला, उद्यापासून भरू नको, असं सहज सांगणारा साहेब. आवाज चढत नाही, कुणी शिवी देत नाही, आणि शोएबच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. विशाल जेठवा उत्तम आहेच, पण इशान खट्टरने इतकं आवरून काम यापूर्वी केलेलं मी बघितलं नव्हतं. अर्धा-एक गुण राखून ठेवला तो काही संवादांसाठी, जे पात्राच्या तोंडून कमी आणि लेखकाच्या टेबलावरून जास्त आलेत.

छाया कदमसाठी वहीत एक अख्खं पान आहे. २०२४ मध्ये तिने 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई केली आणि पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये बिल्डरने घरातून बाहेर काढलेली, रत्नागिरीकडे आपल्या गावी परतणारी पार्वती. पहिल्या सिनेमाचे गुण चारवरून साडेतीनवर आले. गोड आहे, आईबरोबर परत बघितला तेव्हाही दोघी खळखळून हसलो, पण सगळे धागे फार नीट बांधलेत आणि इन्स्पेक्टरचं मनपरिवर्तन ऐनवेळी सोयीचं होतं. दुसऱ्याचे चारवरून साडेचार झाले. परदेशातल्या नवऱ्याकडून आलेला भाताचा कुकर त्यातली नर्स प्रभा रात्री एकटी छातीशी धरून बसते, तो क्षण अख्ख्या संसाराची गोष्ट सांगतो. ऑस्करसाठी भारताने यातला पहिला पाठवला. माझी वही दुसऱ्याच्या बाजूने आहे.

बाकीचे पटापट. जयंत सोमलकरचा 'स्थळ' चार, बदल नाही. मुलगी बघायला आलेल्या पुरुषांचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि दर खेपेला ते ऐकणं अवघड होत जातं. आपल्यापैकी पोहे घेऊन बाहेर आलेल्या प्रत्येकीने बघावा. परेश मोकाशींचा 'वाळवी' चार आणि चारच. रहस्य माहीत असूनही दुसऱ्यांदा रंगतो, कारण सहज वाटलेली वाक्यंसुद्धा पुढच्या घटनांची तयारी करत असतात. शिवराज वायचळचा 'आता थांबायचं नाय' तीनवरून साडेतीन, मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी दहावीला बसतात ही गोष्ट आणि त्यातला भरत जाधव मनात टिकला म्हणून.

या सगळ्यातून मला एवढं दिसतंय की ज्या सिनेमाने थिएटरमध्येच सगळं वसूल करून दिलं, तो शाईपर्यंत येताना उतरतो. ज्याने काही माझ्यावर सोपवलं तो चढतो. पण 'वाळवी' या नियमात बसत नाही. त्यात सगळं जागच्या जागी उलगडतं, तरी तो टिकला. म्हणजे बांधणी पक्की असेल तर उरलंसुरलं मागे ठेवायची गरज नाही. यावर इतरांच्या वह्या काय सांगतात ते वाचायला मला खरंच आवडेल.

'दशावतार' अजून पेन्सिलीतच आहे, साडेतीनवर. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी डोळे अधू झालेल्या बाबुलीचं जे काम केलंय त्याला वेगळे पाच द्यायची माझी तयारी आहे. सूडाकडे वळणारा उत्तरार्ध मात्र पुन्हा एकदा, शांतपणे बघायचाय. पुढच्या नोंदीपासून आवाजासाठी वेगळा रकाना आखतेय: पार्श्वसंगीत कधी सुरू होतं, कधी थांबतं, आणि थांबल्यावर प्रसंग उभा राहतो की नाही. पहिली नोंद 'दशावतार'चीच होईल.