आमची वाटचाल : गडांवरून आइसलँडकडे

आमचा व्यवसाय सुरू झाला तो पुण्याहून निघणाऱ्या गडसहलींनी. शनिवारी रात्री शिवाजीनगरहून टेंपो ट्रॅव्हलर निघायची, रविवारी रात्री परत. राजगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट. असं करणारे तेव्हाही पुष्कळ होते. आमच्यात वेगळं एवढंच, की भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आमच्याबरोबर यायचे आणि कोकणकड्यावर सगळ्यांना बसवून कातळाचे थर मोजायला लावायचे. एकेक थर म्हणजे लाव्हाचा एकेक पूर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शिवकाळ ऐकायला आलेली माणसं दगडाच्या काळात अडकायची. "सर, हे होताना कसं दिसलं असेल?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "आपल्याकडचं निवलं. आइसलँडमध्ये अजून चालू आहे, तिकडे जाऊन बघा."

आमच्या परदेश सहलीचं मूळ हेच. पत्नी बँकेतली नोकरी सोडून हिशेब आणि शेंगेन व्हिसाच्या फायली सांभाळू लागली, मी तिकडचे हॉटेलवाले आणि बसवाले गाठले. बस तिथलीच, चालक तिथलाच. भाड्याने प्रवासी नेण्यासाठी तिथला परवाना लागतो आणि तिथल्या वाऱ्याची सवयही. बसचं दार उघडं राहिलं तर वारा ते उलटं फिरवून मोडू शकतो, हे मी दरवेळी पहिल्याच सकाळी सांगतो. लोक हसतात. दुपारपर्यंत हसणं थांबतं.

त्या वेळी बाजारात आइसलँड म्हणजे मोठ्या युरोप सहलीला लावलेली दोन-तीन रात्रींची शेपटी असायची. आम्ही ठरवलं, एकच बेट, नऊ दिवस, जास्तीत जास्त सोळा माणसं. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश, लोकसंख्या चार लाखांच्या आत. बेटाभोवतीचा रिंग रोड सुमारे 1,330 किलोमीटरचा आहे, तो आठवड्यात 'मारता' येतो. आम्ही मारत नाही. पहिल्या सहलींमध्ये दक्षिण किनाऱ्याच्या पुढे गेलोच नाही. "एवढे पैसे घेता आणि अर्धंच बेट दाखवता?" असं विचारणारे भेटले. त्यांना मी थिंगवेल्लीर या राष्ट्रीय उद्यानातल्या दिवसाचं वेळापत्रक दाखवायचो.

राजधानी रेक्याविकहून निघणाऱ्या बहुतेक बसेस थिंगवेल्लीरला तासभर थांबतात. आमचा तिथे जवळजवळ पूर्ण दिवस जातो. उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची भूपट्टं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, इथे एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर सरकतात. दोन खंडांत एकेक पाय ठेवल्याचा फोटो काढायची हौस सगळ्यांना असते, पण ते खरं नाही. दोन्ही कडांमधली खचलेली दरी काही किलोमीटर रुंद आहे. आल्मान्नाग्याउच्या घळीतून चालताना डाव्या-उजव्या हाताला जे कातळ दिसतात ते पाहून आमच्या गडवाल्यांना घरी आल्यासारखं वाटतं, कारण दगड तोच, बेसाल्ट. फक्त हा काल-परवाचा.

आणि याच फाटलेल्या जमिनीवर 930 साली आइसलँडच्या लोकांनी आपली सभा भरवायला सुरुवात केली, आल्थिंग. लिहिलेले कायदे नव्हते. कायदा सांगणारा अधिकारी असे. त्याने सगळा कायदा तोंडपाठ ठेवायचा आणि दरवर्षी एक तृतीयांश भाग सभेपुढे म्हणायचा, म्हणजे तीन वर्षांत एक आवर्तन पुरं. हे ऐकल्यावर आमच्या गटातले वेदपाठशाळेत शिकलेले एक काका एकदम सरसावून बसले होते. पुढच्या शतकांतली काळी बाजूही तिथेच आहे. गुन्हेगार ठरवलेल्या बायकांना ज्या डोहात बुडवून मारत, तो डोह वाटेवरच लागतो. आम्ही तो टाळून पुढे नेत नाही. 17 जून 1944 ला आइसलँड प्रजासत्ताक झाल्याची घोषणाही इथेच झाली, भर पावसात. पावसाचं सांगितलं की गट खूश होतो, कारण बहुधा तो स्वतः भिजलेला असतो.

स्ट्रोक्कुरचा गरम पाण्याचा झोत पाच-दहा मिनिटांनी उडतोच, त्यामुळे तिथे वाटाड्याची गरज नसते. गुल्फॉस धबधब्यापाशी मात्र मी सिग्रीदुर टोमासडोट्टिरची गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धबधब्यावर वीज तयार करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शेतकऱ्याची ही मुलगी रेक्याविकपर्यंत पायी खेटे घालत राहिली आणि प्रवाहात उडी घेण्याची धमकी तिने दिली. तिचा वकील पुढे देशाचा पहिला अध्यक्ष झाला. मुळशी सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही.

दक्षिण किनाऱ्यावर सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन्ही धबधबे साधारण 60 मीटरचे. पहिल्याच्या मागून फिरता येतं. तिथून पुढे रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. काळी वाळू रत्नागिरीच्या मांडवीला पाहिलेली असते, म्हणून कोकणातली मंडळी जरा निर्धास्त उतरतात. मी तिथे कडक होतो. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट आत घुसते आणि माणूस ओढला जातो. जीव गेलेले आहेत. धोक्याचे दिवे लावलेत, तांबडा लागला की खाली उतरायचं नाही. पाठ समुद्राकडे करून सेल्फी काढणाऱ्याला मी वयाचा मान न ठेवता ओरडतो. मागे उभे असलेले बेसाल्टचे षटकोनी खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरही आहेत, आणि तिथे राहणाऱ्या एक मावशी ते आयुष्यात पहिल्यांदा इथे नीट बघत होत्या.

सहलीतला माझा आवडता दिवस मात्र मुख्य बेटावरचा नाहीच. लांदेयाहोफ्न बंदरातून बोटीने सुमारे 40 मिनिटांत हेइमाए नावाच्या छोट्या बेटावर जाता येतं. 23 जानेवारी 1973 ला मध्यरात्र उलटल्यावर या गावाच्या कडेला जमीन फाटली. गावात सुमारे 5,300 माणसं. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मच्छीमारांच्या होड्या बंदरातच होत्या, म्हणून काही तासांत जवळजवळ सगळं गाव पलीकडे पोचलं. पुढे लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला. पोट मासळीवर, म्हणजे बंदर गेलं की गाव गेलं. मग त्यांनी पंप लावून समुद्राचं पाणी महिनोन् महिने लाव्हावर मारलं, त्याला थिजवलं आणि तोंड मोकळं ठेवलं. वर नव्या जमिनीमुळे बंदराला आडोसाही मिळाला. जुलैत उद्रेक थांबला तेव्हा सुमारे 400 घरं गेलेली होती, तरी बरेच लोक परतले. राखेतून उकरून काढलेल्या एका घराभोवती आता एल्डहेइमार हे संग्रहालय उभं केलंय. आत भांडीकुंडी तशीच. किल्लारीचा भूकंप पाहिलेले लातूरकडचे एक गुरुजी तिथून फार वेळाने बाहेर आले.

समुद्र खवळला की बोट दुसऱ्या लांबच्या बंदरातून सुटते, किंवा सुटतच नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत या दिवसापुढे आम्ही 'हवामान अनुकूल असल्यास' असं ठळक छापतो.

2020 मध्ये सगळं थांबलं. आम्ही मसाले आणि दिवाळीचा फराळ घरपोच देऊन ऑफिसचं भाडं भरलं. त्याच काळात, 19 मार्च 2021 ला, रेक्यानेस द्वीपकल्पावर सुमारे 800 वर्षांनी ज्वालामुखी फुटला. सर पुण्यात बसून त्याचं थेट प्रक्षेपण मोबाईलवर बघायचे आणि रोज फोन करायचे, "आज नवं तोंड उघडलंय." आम्ही गेलो तोवर तिथे नुसता वाफाळणारा काळा दगड उरला होता.

नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच द्वीपकल्पावर जमीन हादरू लागली आणि ग्रिंडाविक हे अख्खं गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं. शेजारचं प्रसिद्ध ब्लू लगून त्यानंतर कितीदा बंद झालं आणि उघडलं. आम्ही ते कार्यक्रमातून काढलं आणि खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. मुळात ते भूऔष्णिक वीज केंद्रातून बाहेर पडणारं पाणी. सुंदर आहे, पण तिकीट भारी. त्याऐवजी आम्ही गावातल्या सार्वजनिक तरणतलावावर नेतो. गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून गप्पा मारणं हीच तिथली चावडी. अट एक, आत शिरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ, बायका-पुरुषांच्या वेगळ्या खोल्यांत, पण इतरांसमोर. हे पत्नी निघण्याआधीच्या बैठकीत महिलांना वेगळं बसवून सांगते. काही जणी येत नाहीत, ज्या येतात त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चला म्हणतात.

खाण्याचं विचारतात. नळाचं थंड पाणी थेट प्यायचं. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, हॉटेलची तक्रार करू नये. शाकाहारी माणसाचं फ्रिडहेइमारच्या हरितगृहात छान जमतं, टोमॅटोच्या वेलांखाली बसून टोमॅटोचं सूप. आणि स्कीर म्हणजे आपला चक्काच. एका काकूंनी पर्समधली वेलची-साखर काढून बसमध्ये श्रीखंड केलं होतं.

रेक्याविकमध्ये हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चचा मनोरा सगळे बघतात. आम्ही एड्डा इमारतीतली हस्तलिखितं आवर्जून ठेवली आहेत. वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या जुन्या पोथ्या शतकानुशतकं डेन्मार्कमध्ये होत्या. 21 एप्रिल 1971 ला त्यातल्या पहिल्या दोन जहाजातून परत आल्या, तेव्हा बंदरावर अख्खं शहर लोटलं होतं. पुण्यात मोडीचे कागद वाचणारी माणसं आमच्या गटांत हटकून असतात. त्यांना तिथून हलवावं लागतं.

नॉर्दर्न लाइट्सची हमी आम्ही देत नाही. आमच्या सहली जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. जूनमध्ये रात्रच होत नाही. सप्टेंबरमध्ये आकाश निरभ्र असेल तर दिसतातही, पण त्याच्यासाठीच यायचं असेल तर हिवाळ्यात नेणाऱ्या दुसऱ्या संस्थांचे नंबर आम्ही देतो. पत्नीला हा धंद्याचा वेडेपणा वाटतो.

गेल्या वर्षी उत्तर भाग वेगळी सहल म्हणून सुरू केला, मिवाट्नचे उकळते चिखल, गोडाफॉस आणि ग्लाउंबाइरची गवताच्या छपरांची घरं. आता मागणी आहे वायव्येच्या फ्योर्डांची, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांची. लाउत्राब्यार्गचे कडे 440 मीटरपर्यंत उंच, त्यावर पफिन पक्षी अगदी हाताच्या अंतरावर. पण रस्ता बराचसा खडीचा, वळणांचा, आणि आमची मंडळी साठीपुढची. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं आधी स्वतः जाऊन येणार आहोत. बस त्या वळणांवर कशी चालते ते बघून मगच तारखा लावू.